थांबता आलं असतं

खरं तेच सांगते, मला माझ्या नणंदेचा हेवा वाटतो. वाटायचा नाही, अजून वाटतो. असलं बोलायला लोक लाजतात, मी नाही लाजत. छप्पन्न वर्षांची झाले, आता कुणाची भीती.

एदिल्मा म्हणजे माझ्या नवऱ्याची, आदेर्बालची, धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी बसमध्ये बसून साओ पावलोला गेली ती तिकडचीच झाली. आधी दुसऱ्याच्या दुकानात बायकांची नखं रंगवायची, मग स्वतःचं दोन खुर्च्यांचं दुकान टाकलं. दोन-तीन वर्षांतून एकदा, जूनच्या सणाला, आमच्या कांपु मायोरला यायची. आली की घर तिचं. कुत्रा तिच्या पायाशी, शेजारणी तिच्याभोवती, आणि माझी सासू, दोना झुल्मिरा, तोंडाला पावडर लावून दारात. मी आपली स्वयंपाकघरात. आठ दिवस हसायची, हसवायची, सगळ्यांची नखं रंगवायची, माझीसुद्धा, आणि निघून जायची. माझ्या नखांचा रंग तिसऱ्या दिवशी भांड्यांच्या पाण्यात उतरलेला असायचा.

बाई वाईट नाही. तोच तर वैताग आहे. वाईट असती तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ती मला कधी उलट बोलली नाही, 'वहिनी, वहिनी' करत मागेपुढे करायची, दर नाताळाला माझ्या मापाचा झगा पाठवायची, आणि तो अंगाला बरोबर बसायचा. हजारो मैलांवरून माप कळायचं मेलीला.

सासूबाईंचं डावं अंग गेलं तेव्हा आदेर्बाल म्हणाला, "आपणच बघायचं ना." आपणच म्हणजे मीच. अकरा वर्षं बघितलं. आंघोळ, कूस बदलणं, दुधात भिजवलेला मक्याच्या रव्याचा कुसकुस चमच्यानं भरवणं, आणि महिन्यातून एकदा चाकाच्या खुर्चीत बसवून आरोग्य केंद्राच्या रांगेत पाच-पाच तास थांबणं. रविवारी चारला एदिल्माचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. सासूबाई साडेतीनपासून कुरकुरायला लागायच्या, "मारिनाल्वा, माझी लिपस्टिक." मी लिपस्टिक लावायची, मी फोन धरायचा, आणि पलीकडून ती म्हणायची, "आई, किती छान दिसतेस गं." वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांवर म्हातारीचा आठवडा निघायचा. आणि मी आठवड्याचे बाकीचे सगळे तास तिथं होते, त्यांचं काय? पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं. जूनमध्ये मी मक्याचा केक करायची तर म्हातारी त्यातला एक मोठा तुकडा एदिल्मासाठी झाकून ठेवायला लावायची, ती येणार नसली तरी. बुरशी यायची. टाकायची मीच.

शेवटची चार वर्षं ती आली नाही. दुकानाचं कर्ज, मग गुडघ्याचं दुखणं, मग आणखी काही. तरी घरात नाव तिचंच.

मागच्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी दुपारी दोनला सासूबाई गेल्या. शेवटचे दोन महिने त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. त्या दुपारी मी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी डोळे उघडले, माझं मनगट धरलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "एदिल्मा, आलीस." त्यानंतर बोलल्या नाहीत. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पाद्रीबाबांना नाही, आणि तिला तर नाहीच नाही. तिला कशाला सांगू? आधीच काय कमी होतं तिच्याकडे?

आमच्याकडे मेलेलं माणूस दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाहीत. शनिवारी दुपारी चारला दफन ठरलं. एदिल्मानं शनिवारी सकाळी सहाचं विमान धरलं, म्हणजे दुपारी बारापर्यंत घरी. सगळं जुळत होतं. पुढच्या खोलीत शवपेटी, भोवती खुर्च्या, कॉफीचे थर्मास, बिस्किटं, दोन पंखे. रात्रभर माणसं येत होती. प्रत्येकजण शवपेटीजवळ हात जोडायचा आणि मला विचारायचा, "एदिल्मा कधी येतेय?" कुणी विचारलं नाही की मारिनाल्वा, तू जेवलीस का.

सकाळी नऊला माझा फोन वाजला. विमानतळावरून ती. "वहिनी, विमानात बिघाड आहे म्हणतात. दुपारी तीनशिवाय सुटत नाही. मला दुसऱ्या विमानात बसवा म्हणून केव्हाची भांडतेय, सगळी भरलेली आहेत. वहिनी, मला आईला बघायचंय. उद्या सकाळपर्यंत थांबा ना. करशील एवढं?"

"बघते," मी म्हटलं.

दहाला अंत्यसंस्कारवाले सेऊ ओनोफ्रे आले. मी त्यांना विचारलं, आणि ते म्हणाले, "थांबता येईल की. देहात अजून एक औषध भरलं तर उद्यापर्यंत काही होत नाही. चारशे रेआइस पडतील. सकाळी सातला दफनभूमी उघडते, सगळ्यात पहिलं आपलं करून टाकू." त्यांनी कागद पुढे केला, होय किंवा नाही, आणि खाली सही.

डोक्यात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. उद्यापर्यंत थांबलं तर ती येणार. दारातून आत येताच टाहो फोडणार, शवपेटीवर पडणार, सगळं गाव तिला सावरायला धावणार. आणि मी कॉफीचे कप विसळत उभी. मला एक दिवस हवा होता. एकच दिवस, ज्या दिवशी त्या घरात मुलगी म्हणून मी उभी असेन आणि शेवटची मूठभर माती माझ्या हातची पडेल. मी 'नाही'वर खूण केली आणि सही केली.

आदेर्बाल अंगणात खुर्ची टाकून रडत होता. त्याला सांगितलं, "एदिल्मा म्हणाली, वाट बघू नका." त्यानं मान हलवली. एदिल्माला फोन करून सांगितलं, "उकाडा फार आहे गं, देह राहायचा नाही. चारलाच करावं लागेल." ती फोनवर इतकी रडली की मी कानापासून लांब धरला. भाऊ-बहिणींनी एकमेकांना कधी विचारलं नाही. त्याला विचारायची सवय नाही, आणि तिचा माझ्यावर विश्वास.

ती पोचली तेव्हा खुर्च्यासुद्धा परत गेल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, झालं, पश्चात्ताप करत बसली असेल बाई. नाही बसले. पहिले काही महिने मला बरं वाटलं. गावात कुजबुज सुरू झाली, पोटची पोर आईच्या दफनाला आली नाही, चार वर्षं फिरकली नाही, मातीलाही नाही. मी गप्प बसून ऐकायची. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं अकरा वर्षं चाललं होतं, आता जरा उलटं फिरलं म्हणायचं.

पण एदिल्मा गप्प बसणाऱ्यातली नव्हे. विमानतळावर नऊ तासांत तिनं काय काय केलं होतं ते मला नंतर कळलं. सुटण्याच्या वेळा दाखवणाऱ्या फलकाचे दर तासाला फोटो काढले. काउंटरवरच्या मुलीकडून उशीर झाल्याचा लेखी कागद घेतला. प्रवाशाचा हक्क तिला तोंडपाठ होता: एक तास झाला की फोनची सोय, दोन तास झाले की खाणं, चार तास झाले की दुसरं विमान, नाहीतर पैसे परत. तिला मिळालं एक कुपन, त्यावर एक कोंबडीचा वडा आणि पेरूचा रस. तिनं त्या वड्याचाही फोटो काढला होता. मला हसावं की रडावं कळेना. पाच तास आरोग्य केंद्रात म्हातारीला घेऊन बसायचे तेव्हा मला कुणी वडा दिला नाही, आणि माझ्या थांबण्याला हक्क नावाचं काही असतं हे कुणी सांगितलंही नाही. विमानानं फिरणाऱ्यांच्या वेळेला किंमत असते, आमची वेळ फुकटची.

तिनं जवळच्या तेरेझिना शहरातल्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात विमान कंपनीवर दावा लावला. पंधरा हजार मागितले, मनाला झालेल्या यातनांबद्दल. फोनवर म्हणाली, "वहिनी, पैशांसाठी नाही गं. मला एका कागदावर लिहून हवंय की मी आले नाही यात माझा दोष नव्हता. तो कागद मी गावात दाखवीन. तू साक्षीला ये. काय झालं तेवढंच सांगायचं. आणि दफनाचे कागद आहेत ना तुझ्याकडे, तेही पाठव."

मी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी पाठवली. उघडून बघितलीसुद्धा नाही. म्हटलं, जाऊ दे, जाईल कोर्टात आणि येईल परत.

सुनावणीला ती आदल्या दिवशी विमानानं आली, या खेपेला वेळेवर. बसस्टॉपवर मला मिठी मारली. मी तिचा दाव्याचा कागद वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'मी माझ्या आईची एकुलती एक मुलगी.' ते खरंच होतं. पण दिवसभर तेच वाक्य मला टोचत राहिलं.

कोर्टाची खोली लहान, कोंदट. न्यायाधीशबाई चष्मा डोक्यावर ढकलून बसल्या होत्या. समोर कंपनीचा तरुण वकील, आणि त्याच्या शेजारी कंपनीची प्रतिनिधी म्हणून एक बाई. ती रोजंदारीवर येते म्हणे, आज या कंपनीची, उद्या त्या. तडजोडीचं विचारलं की "कंपनीकडे काही प्रस्ताव नाही" एवढं म्हणायचं आणि पंखा हलवत बसायचं. तिनं तसंच म्हटलं. असली नोकरी मला का नाही मिळाली, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "तुमचं नातं काय?"

"भावजय."

"मग तुम्हाला शपथ देता येणार नाही. नात्यातल्या आहात. माहिती म्हणून ऐकून घेईन."

बघा म्हणजे. कायद्याच्या लेखी मी इतकी जवळची की माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि इतकी लांबची की माझ्या दुःखाचा दावा लागत नाही.

वकील बोलायला उठला. "उशीर झाला हे कंपनी नाकारत नाही. विमानाची दुरुस्ती निघाली. खाण्याचं कुपन दिलं. बाकी जे आहे तो रोजच्या जगण्यातला साधा वैताग आहे."

"वैताग?" एदिल्मा म्हणाली. "आईला पुरलं साहेब माझ्या. आणि मी तिथं वडा खात बसले होते."

"त्याबद्दल वाईटच वाटतं. पण दफन चुकलं ते विमानामुळे का?" त्यानं कागद उचलला. "हा अर्जदारानंच जोडलेला कागद आहे. मागची बाजू बघावी. देह दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्याची सोय देऊ केली होती. कुटुंबानं नाकारली. सकाळी दहा वाजताची सही आहे. मारिनाल्वा आल्वेस."

न्यायाधीशबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. एदिल्मानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता, हे आधी सांगते. मला वाचवायची घाई होती.

"बाईसाहेब, त्यांच्याकडे पैसे नसणार," ती म्हणाली. "माझा भाऊ मजुरी करतो. वहिनीचा दोष नाही. तिनं अकरा वर्षं माझ्या आईचं केलं, ती असलं मुद्दाम करणारच नाही." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "वेडी गं तू. मला एक फोन करायचास. एका मिनिटात पाठवले असते."

बस. तिथं माझं डोकं फिरलं. पाठवले असते. झगे पाठवले, पावडरी पाठवल्या, आता मला माफीसुद्धा पाठवत होती, घरपोच, माझ्या मापाची. मला फक्त मान हलवायची होती. हो, पैसे नव्हते. तिला कागद मिळाला असता, गावात तिचं तोंड उजळलं असतं, माझंही झाकलं गेलं असतं. आणि मी आयुष्यभर तिच्या चांगुलपणाखाली राहिले असते.

"पैसे होते," मी म्हटलं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"पैसे होते. दफनासाठी काढून ठेवलेले, डब्यात. थांबता आलं असतं. मीच थांबू दिलं नाही. नवऱ्याला सांगितलं, ती म्हणतेय थांबू नका. तिला सांगितलं, देह राहणार नाही. दोन्ही खोटं. ती यायला नको होती मला."

कंपनीच्या बाईचा पंखा थांबला. वकील खाली बसला, त्याला आता बोलायची गरजच नव्हती. टंकलेखकानं माझं वाक्य लिहून घेतलं.

निकाल वीस दिवसांनी आला. नऊ तासांच्या उशिरासाठी आणि त्या एका वड्यासाठी कंपनीनं दोन हजार द्यावेत. दफन चुकलं त्याला कंपनी जबाबदार नाही, तो कुटुंबातल्या व्यक्तीचा निर्णय होता. म्हणजे कागद आलाच, आणि गावानं तो वाचलाच. आदेर्बाल सव्वा महिना माझ्याशी बोलला नाही. अजूनही जेवढ्यास तेवढं बोलतो. सेऊ ओनोफ्रे रस्त्यात दिसले की टोपीला हात लावतात आणि पलीकडच्या बाजूनं जातात.

पण ते नंतरचं. त्या दिवशी खोलीतून बाहेर आलो आणि बोळातल्या बाकावर बसलो, दोघींच्या मध्ये तिची पर्स. मला वाटलं थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं, फिटंफाट. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. नखं लाल रंगवलेली, एका बोटाचा रंग उडालेला. तिच्या नखांचा रंग उडालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"का पण, वहिनी?" ती शेवटी म्हणाली. "मी काय केलं होतं तुझं?"

"काही नाही."

"मग?"

कंपनीनं तिला काय द्यायचं ते न्यायाधीशबाई ठरवणार होत्या. मी काय द्यायचं ते ठरवायला तिथं कुणी नव्हतं. आणि द्यायला माझ्याकडे एकच वस्तू होती. ती मला द्यायची नव्हती. अजिबात नव्हती.

"ती जाताना बोलली," मी म्हटलं.

एदिल्मानं मान वर केली. "कोण? आई? तू तर म्हणालीस, झोपेत गेली."

"तेही खोटंच. मी तोंड पुसत होते. तिनं डोळे उघडले, माझं मनगट धरलं, आणि म्हणाली, एदिल्मा, आलीस."

"माझं नाव घेतलं?"

"तुझं."

"तुला नीट ऐकू आलं ना? दुसरं काही नसेल?"

"एवढ्या जवळ होते." मी हातानं अंतर दाखवलं.

तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. समोरून एक माणूस फायलींचा गठ्ठा घेऊन गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

"घाबरली होती का ती?"

"नाही. हसली. अर्ध्या तोंडानं हसायची तशी."

"आणि तू काय म्हणालीस?"

हे कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं.

"मी काय म्हणणार. मी म्हटलं, हो आई, आले. उशीर झाला, पण आले."

एदिल्मानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि वाकली, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत. मी हात लावला नाही, माझा हात तिला नकोसा वाटला असता. बऱ्याच वेळानं ती सरळ बसली. डोळे लाल झाले होते, तरी चेहरा असा की जणू कुणी तिचं हरवलेलं सामान आणून पुढ्यात ठेवलंय.

"म्हणजे मी होते तिथं," ती म्हणाली.

"होतीस," मी म्हटलं. "मीच नव्हते."